अपमान कोणत्या खाती टाकावा?

बी. कॉम.ला आम्हांला जमाखर्चाच्या झाडून साऱ्या नोंदी शिकवल्या. एकच राहिली. साहेबानं चारचौघांत झाडलं, तर ते कोणत्या खाती टाकायचं? पगारात धरावं, तर पगारपत्रकात ‘अपमान भत्ता’ असा रकाना नाही. सोडून द्यावं, तर रात्री झोप लागत नाही. बहुतेक मंडळी ते सस्पेन्सला ठेवतात आणि संध्याकाळी घरी जाऊन बायकोच्या नावे टाकतात.

आमच्या लातूरच्या गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात. साहेबाच्या रागाचंही तसंच. रिजनल ऑफिसातून मॅनेजरवर, मॅनेजरकडून अकाउंटंटवर, तिथून काउंटरवर, आणि शेवटी तुरीची पट्टी खिशात घेऊन आलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यावर. “अंगठा नीट उमटव की!” त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, की आपल्याला बसलेला रट्टा मुळात दुसऱ्याच गावाहून निघालाय!

नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणीकामगारांच्या मागण्या मांडल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पंधरा तारखेच्या आत पगार, अपघात झाला तर भरपाई. १८९० साली रविवार मिळाला. ‘नीट बोला’ अशी मागणी काही त्यांत नव्हती. (गिरणीत ‘अहो-जाहो’ चालत होतं म्हणून नव्हे.) सुट्टी मोजता येते, पगार मोजता येतो, बोलणं कुठल्या मापानं मोजणार?

बँकवाल्यांच्या १९६६ च्या द्विपक्षीय करारात, वरिष्ठाची आज्ञा मुद्दाम मोडणं हे मोठं गैरवर्तन ठरवलं. पण आज्ञा ‘कायदेशीर आणि वाजवी’ हवी, हेही तिथंच लिहिलं होतं. आमच्या लोकांनी पहिलं अर्धं वाक्य तेवढं पाठ केलं. आज्ञा पाळावी, हे मला मान्य. पण ‘गाढवा’ ही आज्ञा कशी होते? चहाच्या टपरीवर साहेबाची नक्कल करणारे आमच्यात उत्तम आहेत. पोटभर हसून होतं, आणि दुसऱ्या दिवशी दहाला पुन्हा ‘यस सर’.

आमच्या शिपाईमामांना एका साहेबानं गिऱ्हाइकांसमोर “अक्कल आहे का तुला?” म्हणून विचारलं. मामांनी हातातला ट्रे टेबलावर ठेवला. आवाज न चढवता म्हणाले, “साहेब, काम सांगा, करतो. अक्कल काढू नका.” आणि बाकावर खोळंबलेल्या म्हातारीला “मावशी, पाणी देऊ का?” म्हणत निघून गेले. म्हणजे गिळलं नाही, अन् पुढंही ढकललं नाही. खातं जागच्या जागी बंद!

सगळ्यांनी मामांची पाठ थोपटली. पण मामा परमनंट. कोपऱ्यात झाडू घेऊन उभी असलेली बाई रोजंदारीवरची. तेच वाक्य ती बोलली, तर दुसऱ्या दिवशी तिच्या हातात झाडू राहील का? मग तिच्या वतीनं कोणी बोलायचं? युनियनच्या मीटिंगीत हा विषय घ्या, असं मी सुचवलं.

सेक्रेटरी म्हणाले, “बाई मेंबर कुठं आहेत?”

“शिव्या देताना मेंबरशिप बघत्यात का?” मागून मामांनी विचारलं.

विषय ‘ऐन वेळचे’ या सदरात, शेवटी टाकला आहे.