शेजाऱ्याने मागितलेली काडी

आपल्या अंगणातले झाड आपलेच. मग त्याची एक काडी शेजाऱ्याला देताना कोणाला काय विचारायचे? कोकणात आंब्याची कलमे अशीच घरोघर गेली. परंतु अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, परसात संकरित आलुबुखार म्हणजे प्लम लावणाऱ्यापुढे हा प्रश्न खरोखरच उभा राहतो.

तिकडे सांता रोझा गावी ल्यूथर बरबँक नावाचे गृहस्थ होते. जपानहून आणविलेल्या आलुबुखारांचा इतर जातींशी संकर करून त्यांनी हजारो रोपे वाढवली, नको ती जाळून टाकली, आणि १९०६ साली त्या गावाच्याच नावाची जात लोकांना दिली. तिची कोय पेरली तर तेच फळ येत नाही. कलमच बांधावे लागते. म्हणजे आज ज्याच्या परसात सांता रोझा आहे, त्याच्याकडे त्या एकाच मूळ झाडाचा तुकडा आहे! बरबँक १९२६ साली वारले, झाडांच्या पेटंटचा कायदा झाला १९३० साली. सांता रोझाचे कलम आज कोणीही बांधावे.

पुढे मोडेस्टोच्या फ्लॉइड झायगर यांनी आलुबुखार व जर्दाळू यांच्या संकरातून प्लुओट काढले. अशा नव्या जातींवर पेटंट असते. अर्जापासून २० वर्षे परवानगीवाचून कलम बांधता येत नाही, घरच्या घरीसुद्धा नाही.

आता गंमत पाहा. प्लुओटच्या पुष्कळ जातींना स्वतःचा पराग चालत नाही. जवळ दुसरे झाड लागते, आणि सांता रोझा त्या कामी चांगले. समजा, प्लुओट तुमचे नि सांता रोझा कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याचे. मधमाश्यांनी त्याचा पराग आणला म्हणून तुमचे झाड लगडले. हिवाळ्यात तो येऊन म्हणतो, 'एक काडी द्या हो, कलम बांधतो.' काय सांगाल?

कोणी म्हणेल, कायदा माणसाचा, झाड देवाचे. बोलणे गोड, पण मला पटत नाही. झाड देवाचे खरे. तरी हजारो रोपांतून एक निवडणाऱ्याचे श्रम देवाच्या नावावर बुडवायचे, हे कसले औदार्य? दुसऱ्याच्या कणगीतले दाणे वाटून कोणी दाता होत नाही.

मात्र 'नाही' म्हणताना मान ताठ नको. त्याच्या झाडावाचून आपली फांदी रिकामी राहिली असती! आणि अहो, कायदा काडीला अडवतो, टोपलीला नाही. पहिला तोडा त्याच्या घरी जावा. उपकार म्हणून नव्हे, त्याचा वाटा म्हणून. २० वर्षे सरली की त्याने खुशाल कात्री घेऊन यावे.