टिटवी उठते तेव्हा



आज वाचनात गीतेचा तेरावा अध्याय होता. ज्ञानाची लक्षणं सांगताना भगवंत 'अनभिष्वंग' हा शब्द वापरतात. मुलगा, पत्नी, घर यांत जीव गुंतवून बसायचं नाही. माझं गाडं दरवेळी इथेच अडतं. जीवच लावायचा नाही, तर मुलं वाढवायची कशाच्या जोरावर?

हा प्रश्न डोक्यात घेऊनच सायकल काढली. चैत्रात उजनीचं पाणी मागे सरतं. उघड्या पडलेल्या गाळात रोहित पक्षी अजून चरताहेत, चक्रवाक मात्र गेले. लडाख-तिबेटकडे, अंडी घालायला.

रस्त्याकडेच्या खडीत टिटवीची चार अंडी आहेत, टोकं आत करून मांडलेली. घरटं असं नाहीच, नुसता खळगा. अंडी इतकी खड्यांसारखी की मला दिसायलाच दोन दिवस लागले. नर-मादी पाळीपाळीने बसतात. ऊन तापलं की पाण्यात पोट भिजवून येतात आणि त्या ओल्या पिसांनी अंडी गार ठेवतात. याला आसक्ती म्हणायचं? म्हणावी, तर पुढचं बघा. पिल्लं अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात चालू लागतात, आपलं खाणं आपणच टिपतात. आईबाप चोचीने भरवत नाहीत. आसपास राहतात, घार दिसली की ओरडतात, एवढंच.

मी रोज तिथे थांबायचो. फोटोसाठी, आणि खरं सांगतो, काळजीपोटीही. आज नीट पाहिलं. मी थांबलो की ती उठते, लांब पळत जाऊन कल्लोळ करते, आणि तोवर अंडी उन्हात उघडी. तारेवर एक कावळा बसलेलाच होता.

माझा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. गेल्या आठवड्यात म्हणाला, "बाबा, दिवसातून तीनतीनदा फोन नका करू. मीटिंगमधून उठावं लागतं." मला लागलं ते. हिला म्हटलंसुद्धा, पोरगा बदलला. 'उठावं लागतं' हे त्याचे शब्द मला आज त्या खडीपाशी ऐकू आले.

परतताना त्या वळणावर पाय थांबवले नाहीत. मान वळलीच, ती काही ऐकेना. ती बसून होती.

सकाळचा फोन अजून केलेला नाही. संध्याकाळी त्याचा येतो का बघू.