विषाद ऐकणारा सारथी

गीतेचा पहिला अध्याय आपण पारायणात बहुधा घाईने उरकतो. शंखांची नावे, वीरांची नावे, मग अर्जुनाचा शोक. खरा उपदेश पुढेच आहे, असे मनात असते. परंतु सज्जनहो, परंपरेने या शोकालाही ‘योग’ म्हटले आहे. अर्जुनाची गात्रे गळतात, तोंडाला कोरड पडते, अंगाचा दाह होतो, गांडीव हातातून निसटते. एवढ्या महावीराची ही अवस्था व्यासांनी झाकून ठेवली नाही.

पहिल्या महायुद्धातील इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन याच्या कविता वाचताना हा अध्याय सारखा आठवतो. ओवेन स्वतः सेनाधिकारी होता. १९१७ साली फ्रान्सच्या रणभूमीवर त्याचे मन खचले आणि स्कॉटलंडमधील क्रेगलॉकहार्ट येथील रुग्णालयात त्याला पाठविण्यात आले. विषारी वायूने गुदमरणारा सोबती त्याला स्वप्नातही सोडीत नाही. देशासाठी येणाऱ्या मरणाला गोड म्हणणारे प्राचीन रोमन वचन तो स्पष्टपणे असत्य ठरवितो. दुसऱ्या एका कवितेत मृत्यूनंतर त्याला एक अनोळखी माणूस भेटतो. तो त्यानेच मारलेला शत्रू असतो, आणि शत्रू मित्रासारखा बोलू लागतो. दोन्ही सैन्यांत आपलेच आप्त पाहणाऱ्या अर्जुनाहून हे दर्शन फार दूरचे नाही.

यास भ्याडपणा म्हणावे काय? ओवेन १९१८ मध्ये पुन्हा रणांगणावर गेला. आपल्या शिपायांचे नेतृत्व करावे आणि त्यांचे दुःख पाहून ते जगापुढे मांडावे, असा हेतू त्याने आईला कळविला होता. ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धविरामाच्या अवघा एक आठवडा आधी, कालवा ओलांडताना तो मारला गेला. वय २५ वर्षे.

मात्र ओवेनला अर्जुन म्हणणे सयुक्तिक होणार नाही. अर्जुनाचा विषाद शस्त्र चालविण्यापूर्वीचा, याचा चालविल्यानंतरचा. आणि अर्जुनाच्या रथावर ऐकणारा बसला होता. पहिल्या अध्यायात भगवंत एकदाच बोलतात, तेही जमलेले कौरव दाखविण्यापुरते. त्यानंतर अर्जुनाचे बोलणे संपेपर्यंत ते मौन राहतात. ‘भय ही नुसती दुर्बलता’ हा दोषारोप दुसऱ्या अध्यायात येतो खरा, पण तो सारे ऐकून घेतल्यानंतरच. आपण काय करतो? सीमेवरून परतलेला मुलगा घरात गप्प बसला, तर शेजारीपाजारी त्याच्याकडे शौर्यकथेचाच हट्ट धरतात. त्याचे तोंड कशाने कोरडे पडले होते, हे सहसा कोणी विचारीत नाही.

ओवेनच्या आईने १९२० साली रवींद्रनाथ ठाकुरांना पत्र लिहिले. शेवटचा निरोप घेताना मुलाने गीतांजलीतील शब्द उच्चारले होते, आणि पुढे त्याची खिशातील वही घरी परत आली, तेव्हा तिच्यात ते शब्द त्याच्या हस्ताक्षरात लिहिलेले होते. खाली रवींद्रनाथांचे नाव होते.