एकट्याने खेळताना कोण पाहतं?



आजचं वाचन : गीता, अध्याय १०, श्लोक ३६. सोबत जमलं तर महाभारताच्या सभापर्वातला द्यूताचा प्रसंग.

परवा रविवारच्या सत्संगानंतर हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका मुलाने मला बाजूला घेतलं. म्हणाला, "दादा, आम्ही मित्र शनिवारी रात्री बोर्डगेम खेळतो. चार-चार तास कसे जातात कळत नाही. माळ मात्र दहा मिनिटांत आटपते. हे चुकतंय का?"

मी पटकन म्हणालो, "पैसे लावत नाही ना? मग काही नाही." तो खूश होऊन गेला. मी मात्र सुदुंबऱ्याला घरी पोहोचेपर्यंत गाडीवर गप्प होतो. उत्तर चूक नव्हतं, पण अर्धवट होतं. आणि ते अर्धवट आहे हे मला नीट माहीत होतं, कारण आमच्या घरात कपाटावर एक खोका ठेवलाय. तो मी वर्षभर उघडलेला नाही.

आधी आजचा श्लोक बघू, मग खोक्याकडे येतो.

दहावा अध्याय म्हणजे विभूतियोग. अर्जुन विचारतो, देवा, तुला कुठे कुठे पाहू? आणि भगवान सांगत जातात. प्रवाहांमध्ये मी गंगा, महिन्यांमध्ये मार्गशीर्ष, ऋतूंमध्ये वसंत. ऐकायला किती छान! आणि लगेच पुढच्या श्लोकात ते म्हणतात, छळणाऱ्यांमध्ये मी द्यूत आहे. त्याच श्लोकात तेज आहे, जय आहे, निश्चय आहे, सात्त्विकांचं सत्त्व आहे. पण यादीची सुरुवात जुगारापासून.

आता ऐकणारा कोण आहे ते आठवा. अर्जुन! ज्याच्या घराची राखरांगोळी फाशांनी केली, ज्याची तेरा वर्षं वनवासात आणि अज्ञातवासात गेली. त्याच्यासमोर देव म्हणतो, त्या फाशांतही मीच होतो. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा पान उलटून पुढे गेलो होतो. समजून घ्यायची हिंमत नव्हती म्हणा ना.

तर आता खोका.

आमच्याकडे खेळ पहिल्यापासून आहे. आजी पडवीत खडूने पाच बाय पाचची घरं आखायची आणि फोडलेले चिंचोके घेऊन चल्लस-आठ खेळायची. कुणी नसलं तर दोन्ही बाजूंनी एकटीच खेळायची! मी हसायचो. "आजी, जिंकलं कोण?" ती म्हणायची, "जिची सोंगटी पोचली ती." पुढे कॉलेजात मित्रांमुळे कॅटन कळला. जर्मनीतल्या क्लाउस टॉयबर यांचा हा खेळ १९९५ साली आला आणि जगभर पसरला. बेटावर वस्त्या करायच्या, रस्ते बांधायचे, लाकूड-विटा-धान्याची अदलाबदल करायची, आधी दहा गुण करील तो जिंकला. दोन फाशांवर सात पडले की पटावरचा चोर हलवायचा. तो ज्या जमिनीवर बसेल तिथलं उत्पन्न बंद. शिवाय तिथे ज्याची वस्ती आहे त्याचा एक पत्ता तुम्ही काढून घेता.

पावसाळ्यात शनिवारी माझे मित्र पुण्याहून, पिंपरीहून आमच्याकडे यायचे. बाहेर धो-धो पाऊस, आतून आईची हाक, "अरे, भजी गार होतायत!" आणि आम्ही सगळे पटावर वाकलेले. खरं सांगतो, त्या रात्रींसारखा आनंद मला फार कमी ठिकाणी मिळालाय. मोबाईल बाजूला, समोर माणूस. त्याच्या डोळ्यात बघून ओळखायचं की याच्याकडे विटा आहेत की नाहीत.

गेल्या वर्षी आषाढात आमच्यातल्या एकाला बढती मिळाली. आम्ही दोघं एकाच ऑफिसात, आणि त्या जागेची आशा मलाही होती. मी त्याला मिठी मारली, पेढा खाल्ला. मनापासून केलं असं मला वाटत होतं. त्या शनिवारी कॅटन मांडला आणि माझ्या हाताने सात पडले. चोर मी त्याच्या जमिनीवर बसवला. परत सात पडले, परत त्याच्यावरच. खरं तर पुढे दुसराच होता, नऊ गुणांवर. त्याला अडवायचं सोडून मी याचा रस्ता अडवला, याच्याशी अदलाबदल नाकारली, दुसऱ्याला फुकट धान्य दिलं पण याला नाही. मी जिंकलो नाहीच. जिंकायचं नव्हतंच मला. त्याला हरवायचं होतं.

तो शेवटी हसत म्हणाला, "काय रे, आज माझ्यावर एवढं प्रेम?" मी म्हणालो, "अरे, गेम आहे. पर्सनली नको घेऊस." त्याने खोका आवरायला मदत केली, आईच्या पाया पडला आणि गेला. पुढच्या शनिवारी आला नाही. त्यानंतर आलाच नाही.

आता नियमांच्या हिशोबाने बघा. मी एकही नियम मोडला नव्हता. चोर कुठे बसवायचा हा माझा अधिकार होता. पैसे लावले नव्हते. मग माझं काय चुकलं?

इथे सभापर्वाने माझी मान धरली. आपण लहानपणापासून ऐकतो की शकुनीने कपट केलं म्हणून अनर्थ झाला. पण द्रौपदी सभेत जो प्रश्न विचारते तो कपटाचा नाहीच. ती विचारते, युधिष्ठिराने आधी स्वतःला पणाला लावून हरवलं, की आधी मला? जो स्वतःलाच हरून बसला, त्याला दुसऱ्या कुणाला पणाला लावायचा अधिकार उरतो का? भीष्मांसारख्यांनाही याचं सरळ उत्तर देता आलं नाही.

मला वाटतं, प्रत्येक खेळाला हाच प्रश्न लागू पडतो. पटावर एकमेकांना फसवणं, अडवणं, पत्ता चोरणं यात पाप नाही, कारण सगळ्यांनी मिळून ते कबूल केलेलं असतं. कबड्डीत पाय ओढला म्हणून कुणी पोलिसात जात नाही. खेळ म्हणजे एक रिंगण. आतलं भांडण आत सुरू होतं आणि आतच संपतं. तुकोबांच्या गाथेतही विटीदांडू आहे, फुगडी आहे. त्या माणसाला खेळाचं वावडं नव्हतं. पण मी काय केलं? रिंगणाबाहेरचा मत्सर खिशात घालून आत आणला आणि नियमांच्या आड लपून चालवला. पणाला पैसे नव्हते, मैत्री होती, आणि ती लावलीय हे समोरच्याला सांगितलंही नव्हतं. द्रौपदीच्या भाषेत सांगायचं तर मी आधी स्वतःला हरलो होतो, मग मित्राला.

आणि आता मला श्लोकाचा थोडा अर्थ लागतो. छळणाऱ्यांमध्ये द्यूत श्रेष्ठ का? कारण दुसरा ठक आपल्याला बाहेरून फसवतो. खेळ मात्र काहीच बोलत नाही. तो फक्त जागा करून देतो आणि आपल्या आत जे आहे ते पटावर आणून ठेवतो. ऑफिसात मी वर्षभर चांगला माणूस होतो. दोन फाशांनी अर्ध्या तासात मला उघडं पाडलं. हे काम देवाशिवाय कोण करणार?

पण गोष्ट इथे संपत नाही. मित्र येईनासा झाल्यावर बाकीचेही पांगले. मी सोलो खेळायला लागलो. पँडेमिक नावाचा खेळ आहे, २००८ सालचा, मॅट लीकॉक यांचा. त्यात सगळे खेळाडू एका बाजूला आणि जगभर पसरणारे रोग दुसऱ्या बाजूला. जिंकलो तर सगळे, हरलो तर सगळे. एकट्याने दोन भूमिका घेऊनही खेळता येतो. रात्री जेवण झालं की मी टेबलावर मांडायचो. छान वाटायचं. कुणाचा मत्सर नाही, कुणाचा रुसवा नाही. मला वाटलं, चला, हा सात्त्विक खेळ.

एके रात्री डाव अगदी हातात आला होता. एक पत्ता उलटला आणि नेमका साथ भडकण्याचा निघाला. मी इकडे तिकडे पाहिलं. हो, घरात एकटा असताना पाहिलं! आणि पत्ता हळूच गड्डीच्या तळाशी सरकवला. डाव जिंकलो. पण जिंकल्याचं काहीच वाटेना.

मी कुणाला फसवलं? समोर कुणी नव्हतं. नुकसान कुणाचं नाही. त्या क्षणी मान वळवून मी कुणाला शोधत होतो? आपण नेहमी म्हणतो, तो अंतर्यामी आहे, साक्षी आहे. पुस्तकात ते वाक्य गोड लागतं. त्या रात्री, चोरलेला पत्ता बोटाखाली असताना, ते मला पहिल्यांदा खरं वाटलं. आजीचं बोलणंही तेव्हा कळलं. दोन्ही बाजूंनी खेळायचं आणि कुठल्याच बाजूचं दान चोरायचं नाही. याला समत्व म्हणतात, आणि ती हे चिंचोक्यांवर करत होती.

आमच्या सुदुंबऱ्यात संताजी महाराज जगनाडे यांची समाधी आहे. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक, चाकणचे, तेलाचा घाणा चालवणारे. त्यांनी तुकोबांचे अभंग लिहून ठेवले. त्यांच्या वह्यांच्या आधारावर वि. ल. भावे यांनी १९१९-२० साली गाथा छापली. त्या चोरलेल्या पत्त्यानंतर मी समाधीपाशी बसलो होतो तेव्हा मनात आलं, हा माणूस दिव्याच्या उजेडात एकटा लिहीत बसला असेल. एखादा शब्द बदलला असता, एखादी ओळ स्वतःची घुसवली असती, तर पकडणारं कोण होतं? तरी आपण आज त्या शब्दांवर विसंबून उभे आहोत. एकटा असतानाचा प्रामाणिकपणा किती लांबवर पोचतो बघा.

मग खेळ सोडून द्यावा का? मलाही वाटलं होतं, म्हणून तर खोका कपाटावर गेला. पण महाभारत तसं सांगत नाही. वनपर्वात युधिष्ठिर खचलेला असताना बृहदश्व ऋषी येतात. ते त्याला नलाची गोष्ट सांगतात. नलही फाशांत राज्य हरला, दमयंतीला रानात सोडून गेला. पुढे ऋतुपर्ण राजाकडून तो अक्षहृदय शिकला, म्हणजे फाशांचं मर्म. मग परत खेळून राज्य जिंकला, आणि ज्याने लुबाडलं त्या भावाला, पुष्कराला, माफ करून त्याचा वाटा देऊन पाठवलं. गोष्ट सांगून झाल्यावर बृहदश्व युधिष्ठिराला काय देतात? "फाशांना हात लावू नकोस" अशी शपथ नाही. ते त्यालाही अक्षहृदय शिकवतात. आणि अज्ञातवासात हाच युधिष्ठिर विराटाच्या दरबारात कंक नावाने राजासोबत फासे खेळणारा म्हणून राहतो! ज्यात पडला, तेच नीट शिकला.

मला यातून एवढंच कळलं. खेळाचं मर्म फाशांच्या गणितात तर आहेच, पण जिंकल्यावर पुष्कराशी कसं वागायचं, यातही आहे.

म्हणून त्या मुलाला आता पूर्ण उत्तर देतो. बाळा, जरूर खेळ. चार तास मित्रांसमोर बसणं ही आजकाल छोटी गोष्ट नाही. माळेची दहा मिनिटं वाढवायची असतील तर ती रिल्समधून काढ, मित्रांमधून नको. फक्त खोका उघडण्याआधी एकदा विचार, आज मी खिशात काय घेऊन बसतोय? आणि खोका बंद करताना विचार, जे आत सुरू झालं ते आत संपलं का? नाही संपलं तर माळ ओढून ते संपणार नाही. माणसाकडे जावं लागेल.

हे लिहिताना मला हसू येतंय, कारण मी स्वतः वर्षभर गेलो नव्हतो. रोज हरिपाठ म्हणत होतो आणि एक फोन टाळत होतो.

आमच्या गावात एक कथा सांगतात. संताजींना मूठमाती द्यायला मी येईन, असा शब्द तुकोबांनी दिला होता. तुकोबा आधी वैकुंठाला गेले. संताजी गेले तेव्हा लोकांनी कितीही माती टाकली तरी त्यांचा चेहरा झाकला जाईना. मग तुकोबा आले, तीन मुठी माती टाकली, आणि चेहरा झाकला गेला. लहानपणी मला ही चमत्काराची कथा वाटायची. आता ती मैत्रीची वाटते.

काल रात्री फोन केला. म्हटलं, "अरे, मागच्या आषाढात तो चोर मी मुद्दाम तुझ्यावर बसवत होतो. गेम नव्हता तो. तुझी बढती मला बघवली नव्हती." बराच वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाला, "माहितीय रे. तू सांगतोस का, एवढंच बघत होतो." शनिवारी येशील का, विचारलं. म्हणाला, "बघतो." हो म्हणाला नाही. ठीक आहे. दान टाकायचं माझ्या हातात, पडायचं नाही.

खोका मात्र खाली काढून पुसून ठेवलाय. आईने विचारलं, भजी करू का? म्हटलं, कर. तो नाही आला तर आपण दोघं चल्लस-आठ खेळू.

आजचा संकल्प : ज्याच्याशी खेळता खेळता, किंवा गमतीच्या नावाखाली, आपण खरा राग काढला असा एक माणूस आठवा. आज त्याला एक फोन. आणि आज एकटे असताना एक पत्ता, कुठलाही, जसा निघेल तसाच उघडा ठेवा.

जय हरी विठ्ठल!