दिव्याची साक्ष

साक्षीदार खरा कीं खोटा याचा निर्णय होण्यापूर्वीं मनुष्यानें कसें वागावें, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत क्वचितच स्वतंत्रपणें चर्चिला जातो. ग्रंथकारांचें लक्ष बहुधा निर्णयाकडे असतें. निर्णयाच्या अलीकडे जो अर्धा तास किंवा जें अर्धें मिनिट असतें, त्याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. आणि व्यवहारांतील पुष्कळसें बरेंवाईट तर त्याच अवधींत घडून जातें. या प्रश्नासाठीं आम्ही एक अगदीं सामान्य उदाहरण घेतों: जुन्या मोटारगाडीच्या डॅशबोर्डवर लागणारा ऑइल प्रेशरचा तांबडा दिवा. विषय पाहून कित्येक वाचक हंसतील. परंतु धुरावरून अग्नीचें अनुमान करण्याचें उदाहरण ज्या नैयायिकांनीं शतकानुशतकें घोळविलें, त्यांच्या स्वयंपाकघरांतील धुरापेक्षां हा दिवा कमी प्रतिष्ठित आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

कर्जत-खालापूरच्या बाजूस अलीकडे 'कॅम्पर व्हॅन' नांवाच्या गाड्या दिसूं लागल्या आहेत. आंत बिछाना, लहानशी शेगडी, पाण्याची टाकी. मुंबईचीं व पुण्याचीं कुटुंबें शनिवारीं येतात, उल्हास किंवा पेज नदीच्या कांठीं मुक्काम करितात, कोंढाण्याचीं लेणीं पाहतात आणि रविवारीं परत जातात. यांतील कित्येक गाड्या नव्या नसतात. पंधरावीस वर्षें उतारू वाहून थकलेल्या डिझेल गाडीचीं आसनें काढून तिच्यावर हा संसार लादलेला असतो. पुण्यास परतणाऱ्यांस खोपोलीपासून बोरघाट चढावा लागतो. घाट चढून इंजिन तापलेलें असतें, खंडाळ्याशीं वाहनांची रांग लागते, इंजिन मंद चालूं लागतें, आणि नेमका त्याच वेळीं तो तांबडा दिवा लुकलुकतो. पाय जरा दाबला कीं विझतो. उचलला कीं पुन्हां लागतो.

हा दिवा सांगतो तरी काय? तेलाचा दाब म्हणजे तेलाचें प्रमाण नव्हे, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. क्रँक ज्या बेअरिंगांत फिरतो, तीं बेअरिंगें व तो क्रँक यांच्यामध्यें मिलिमीटरच्या कांहीं शतांशांइतकी फट असते. पंप त्या फटींत तेल रेटतो आणि तो पोलादी दांडा तेलाच्या पडद्यावर जणूं तरंगत फिरतो. तेल निसटूं पाहतें व त्यास अडथळा होतो; त्या अडथळ्याचें माप म्हणजे दाब. बेअरिंगें झिजून फट वाढली कीं तेल सहज निसटतें व दाब उतरतो, मग डिपस्टिकवर तेल पुरेपूर कां दिसेना. तेल तापून पातळ झालें, चेंबरांतील जाळी गाळानें भरली, पंपाचे दांते झिजले, दाब सांभाळणारी झडप उघडी राहिली, तरी परिणाम तोच. डिझेल गळून तेलांत मिसळलें तर मोठीच मौज होते: डिपस्टिकवर तेल कमी न दिसतां वाढलेलें दिसतें आणि मालक संतुष्ट होतो; तीच डिपस्टिक नाकाशीं धरली असती तर डिझेलचा वास आला असता. उलटपक्षीं, स्विच आंतून खराब झाला किंवा त्याची वायर घांसून लोखंडास टेकली, तर दाब उत्तम असूनही दिवा लागतो. नैयायिकांच्या भाषेंत हा हेतु सव्यभिचार आहे. दिवा दिसला म्हणून रोग आहेच, असें निश्चित अनुमान त्यावरून निघत नाहीं.

आतां गाडी चालविणारा गृहस्थ प्रथम कोणावर संशय घेतो? नेहमीं दिव्यावर. स्विच थोडक्या पैशांत मिळतो. इंजिन उतरवून खोलण्याचा खर्च ऐकून मनुष्य खालीं बसतो. आपला विश्वास स्वस्ताईच्या दिशेनें किती सहज वाहतो, याचें याहून स्वच्छ उदाहरण मिळणें कठीण. आणि खरी अडचण अशी कीं, तो गृहस्थ पुष्कळदां बरोबर ठरतो. स्विच खरोखरच बिघडलेला निघतो. एकदां असें झालें कीं पुढल्या वेळीं त्याचा संशय अधिक निर्भय होतो.

विल्यम किंग्डन क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञानें १८७७ सालीं विश्वासाच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यांत एक जहाजमालक आहे. जहाज जुनें, त्याच्याविषयीं शंका मनांत येतात, दुरुस्तीस खर्च फार. तो स्वतःची समजूत घालतो कीं, इतक्या सफरी निभावल्या, हीही निभावेल. देशांतरास निघालेलीं कुटुंबें घेऊन जहाज जातें व भर समुद्रांत बुडतें. मालक विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतो, हा मनुष्य दोषी होय. आणि जहाज सुखरूप पोहोंचलें असतें तरी तितकाच दोषी. प्रश्न फळाचा नसून, समोरच्या पुराव्यावर तसा विश्वास बाळगण्याचा त्यास अधिकार होता कीं नाहीं, हा आहे. पुढें १८९६ सालीं विल्यम जेम्सनें यास उत्तर दिलें कीं, निवड टाळतां येत नसेल, ती महत्त्वाची असेल आणि पुराव्यानें तिचा निकाल लागणें शक्य नसेल, तर मनुष्यानें अंतःकरणाचा कौल घ्यावा. ही सवलत मोठी आहे, पण आमच्या गृहस्थास ती मिळत नाहीं. पुरावा अशक्य नाहीं. तो मिळविण्यास गाडी थांबवावी लागते, इतकेंच.

क्लिफर्डशीं आमचा मतभेद एका ठिकाणीं आहे. त्याची सारी दृष्टि विश्वासावर खिळलेली आहे. आणि विश्वास हा बऱ्याच अंशीं आपल्या हातीं नसतो. दिवा खोटा वाटला म्हणून आम्ही कोणास पापी म्हणणार नाहीं. कदाचित् तें वाटणें खरेंही असेल. आमचा आक्षेप त्याच्या पायावर आहे, जो ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला नाहीं. साक्ष खरी असल्यास ज्या कृतीपासून भरून न येणारी हानि होईल, ती कृति आधीं थांबवावी आणि मग साक्षीदाराची हवी तेवढी उलटतपासणी करावी. तेलाचा पडदा खरोखरच तुटला असेल तर बेअरिंगांचा नाश होण्यास कांहीं मिनिटें पुष्कळ होतात. तेवढ्यांत चालत्या गाडींत कोणाचाच न्याय होत नाहीं. उदयनाचार्यांनीं 'न्यायकुसुमांजली'त संशयाची सीमा व्यवहारानें ठरविली आहे: मनुष्याच्या स्वतःच्याच वागणुकीशीं ज्याचा विरोध येतो, तो संशय तेथें संपला. या कसोटीनें आमच्या गृहस्थाकडे पाहावें. तो म्हणतो, 'स्विच गेलाय'. आणि त्याच क्षणीं मुलांना गप्प करून, गाणें बंद करून, इंजिनाच्या आवाजाकडे कान देतो. त्याचा कान त्याच्या जिभेस खोटें पाडीत असतो.

या प्रश्नाचें एक उत्तर कर्जतास पूर्वींच मिळालेलें आहे. बोरघाटांतील लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. त्याची चढण सदतीसांत एक इतकी तीव्र आहे कीं, वर जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतास मागून ढकलणारीं इंजिनें जोडावीं लागतात. उतरणाऱ्या गाड्यांची काळजी निराळी. त्यांच्यासाठीं घाटांत कॅच सायडिंग असतें, म्हणजे आवर सुटलेली गाडी थोपविण्यासाठीं चढावर नेऊन सोडलेला फांटा. आणि तेथील सांधे मुळांत त्या फांट्याकडेच लागलेले असतात. गाडी ठरल्या जागीं थांबली, म्हणजे ब्रेक आपल्या ताब्यांत आहेत हें तिनें दाखवून दिलें, कीं मग तिला मुख्य मार्ग मिळतो. येथें पुराव्याचा भार शंकेवर नसून निश्चिंतपणावर आहे. चालकाच्या कौशल्याबद्दल त्यांत अविश्वास नाहीं, कीं ब्रेक बिघडले असल्याचें कोणाचें म्हणणेंही नाहीं. खिडकींतून वाकून 'मध्येंच कां थांबली?' असें विचारणाऱ्या उतारूस हें ठाऊक नसतें.

दिव्याच्या बोलण्याविषयीं इतकें झालें. त्याचें मौन मात्र अधिक फसवें आहे. जुन्या इंजिनांतील स्विच सामान्यतः दाब पाव ते अर्ध्या बारपर्यंत उतरल्यावरच दिवा लावितो. मिस्त्री लोकांचा ढोबळ हिशेब असा कीं, तापलेल्या इंजिनास दर मिनिटाच्या हजार फेऱ्यांमागें दहा पौंड, म्हणजे सुमारें ०.७ बार, दाब हवा. तीन हजार फेऱ्यांवर दोन बारच्या जागीं एकच बार राहिला तरी दिवा मूकच राहील. विझलेला दिवा 'सर्व ठीक आहे' असें म्हणत नाहीं. 'अगदीं शेवट अजून आला नाहीं' एवढेंच म्हणतो. मौनाचा अर्थ लावण्यांत केवढें मोल गुंतलेलें असतें, हें याच खालापूर तालुक्यानें पाहिलें आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती दरडीखालीं गेली. २७ मृतदेह मिळाले. ५७ माणसें सांपडलींच नाहींत. दरडप्रवण गांवांच्या यादींत त्या वाडीचें नांव नव्हतें, असें शासनाकडूनच विधानसभेंत सांगण्यांत आलें. माणसांच्या जिवाशीं इंजिनाची तुलना करण्याचें आमच्या मनांतही नाहीं. साम्य आहे तें केवळ अनुमानाच्या रीतींत. यादींत नांव नाहीं, याचे दोन अर्थ होऊं शकतात: पाहणी करून धोका आढळला नाहीं, किंवा त्या धोक्याची पाहणीच झाली नाहीं. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात.

जुन्या गाड्यांच्या बाजारांत हें मौन विकतही मिळतें. झिजलेल्या इंजिनांत जाड तेल ओतलें कीं दाब थोडा वर दिसतो. हा उपाय स्वतः निंद्य नव्हे. उष्ण हवेंत एकादा प्रामाणिक मिस्त्रीही तो सुचवितो, आणि सुचवितांना इंजिनाचें वय सांगतो. परंतु गिऱ्हाईक येण्याच्या आदल्या दिवशीं तेंच तेल ओतणें आणि एवढ्यानें न भागल्यास दिव्याची वायरच काढून ठेवणें, याला काय म्हणावें? स्वतःच्या दिव्याकडे काणाडोळा करणारा निदान स्वतःही त्याच गाडींत बसलेला असतो. क्लिफर्डच्या मालकाप्रमाणें हा मात्र किनाऱ्यावर उभा राहून पैसे मोजून घेतो. घेणाऱ्यानें एवढें तरी पाहावें कीं, किल्ली फिरविल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वीं, हा दिवा लागलाच पाहिजे. त्या वेळीं जो लागत नाहीं, त्याच्या पुढल्या मौनास कवडीची किंमत नाहीं.

थांबावें, असें लिहिणें सोपें. घाटांत तें सोपें नाहीं. वळणावर गाडी उभी करणें मागून येणाऱ्यांच्या जिवावर बेततें, आणि इंजिन बंद करून उतारावर गाडी सोडणें त्याहून वाईट, कारण ब्रेक व स्टिअरिंग यांस मिळणारी इंजिनाची मदत त्याबरोबरच जाते. तेव्हां हलक्या पायानें पहिल्या सुरक्षित जागेपर्यंत जावें, आणि तेथून पुढें मुळींच नाहीं. इंजिन बंद करून, तेल खालीं उतरूं देऊन, सपाट जागीं डिपस्टिक पाहावी, तिचा वास घ्यावा, वायर कोठें टेकली आहे काय तें पाहावें. मग मिस्त्रीस बोलवावें. स्विच काढून त्याच जागीं दाबाचें गेज लाविलें, आणि पुरेसें तेल असल्याची खात्री करून इंजिन थोडा वेळ चालविलें, कीं काट्यावरून निकाल लागतो. काटा योग्य जागीं आला तर नवा स्विच बसवून पुढें निघावें. एव्हांना अंधार पडलेला असेल, जेवणाची वेळ टळलेली असेल, आणि मागच्या आसनावरून कोणी वडीलधारें माणूस म्हणेल, 'उगाच थांबलों.' हा शब्द ऐकून गाडी चालविणारा ओशाळतो, आणि पुढल्या खेपेस न थांबण्याचें बीज बहुधा तेथेंच पडतें. त्यानें ओशाळावें असें त्यांत काय आहे, हें आम्हांस समजत नाहीं. गेजाचा काटा पाहीपर्यंत तें उगाच होतें हें गाडींतील कोणासच ठाऊक नव्हतें.