दीड की दोन?

दोनच सीट. डिकी जेमतेम १३० लिटरची. मुलांना बसवायला जागा नाही, आईला चढ-उतार करायला सोपी नाही. अशी गाडी घेण्याची गरज कुणालाच नसते आणि म्हणूनच तिच्यातलं इंजिन निवडणं अवघड जातं. कुटुंबाची गाडी घेताना निम्मे निर्णय घरच्या गरजा परस्पर घेऊन टाकतात. इथे आपल्या आवडीशिवाय दुसरं कुणी बोलणारं नाही. त्या आवडीचं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं, एवढ्यासाठी हे मनन. घाई करू नका. फोन बाजूला ठेवा, पाठ टेकून बसा. बुकिंग उद्याही करता येईल.

विचार हवेत राहू नयेत म्हणून एक ठरावीक गाडी समोर घेऊ. माझदाची एमएक्स-५. जपानमध्ये हिला रोडस्टर म्हणतात. हिरोशिमात बनते, टप उघडता येतो, इंजिन पुढे आणि मागच्या चाकांना ताकद. २०१५ साली आलेल्या तिच्या चौथ्या पिढीत ब्रिटनमधल्या ग्राहकाला दोन इंजिनं मिळत आली: दीड लिटरचं, १३२ अश्वशक्तीचं आणि दोन लिटरचं, २०१८ च्या सुधारणेनंतर १८४ अश्वशक्तीचं. लंडन किंवा मँचेस्टरला स्थिरावलेल्या मराठी वाचकापुढे हा प्रश्न खराखुरा येऊ शकतो. न्यू जर्सीतल्या वाचकापुढे येणार नाही, कारण अमेरिकेत दोन लिटरच विकलं जातं. भारतात तर माझदाचं शोरूमच नाही. तरी पुण्यात बसून वाचणाऱ्यानेही सोबत यावं. प्रश्न पुरेसं म्हणजे किती, हा आहे आणि तो गाडी दारात नसतानाही विचारता येतो.

आता डोळे मिटा. नुकत्याच वाचलेल्या दोन आकड्यांपैकी कुठला आधी आठवतो, एवढंच पाहा.

बहुधा १८४. त्याला हटकू नका. मोठा आकडा आधी आठवणं स्वाभाविक आहे. फक्त त्याला एक प्रश्न विचारा: हा मला गाडी चालवताना हवा आहे की कुणीतरी ‘कितीची घेतली?’ असं विचारेल तेव्हा सांगायला हवा आहे? जे उत्तर येईल ते येऊ द्या. सांगायला हवा असेल, तर त्यातही काही वाईट नाही. पण तसं असेल तर ते कळलेलं बरं.

पुढचा आकडा वेळेचा. थांबलेल्या अवस्थेतून ताशी १०० किलोमीटरपर्यंत जायला दीड लिटरच्या गाडीला ८.३ सेकंद लागतात, दोन लिटरच्या गाडीला ६.५. फरक १.८ सेकंदांचा. तेवढा वेळ मनात मोजून पाहा. मी याला क्षुल्लक म्हणणार नाही. पाठ सीटमध्ये रुतते ती याच फरकामुळे आणि ज्याला ती भावना हवी आहे त्याला तिच्याऐवजी दुसरं काही देऊन चालत नाही. पण तुमचा परवाचा दिवस आठवा, त्याच्या आदला दिवसही आठवा. सिग्नल सुटला, पुढे बस होती, मग वळण, मग शाळेपुढचा ताशी वीस मैलांचा पट्टा. ते १.८ सेकंद त्यात कुठे बसतात, ते शोधा.

आता रस्ता डोळ्यांपुढे आणा. महामार्ग नको, ज्या रस्त्यासाठी ही गाडी घ्यायची तो. वेल्समधला किंवा पीक डिस्ट्रिक्टमधला एखादा डोंगरातला रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी बांध, पुढचं वळण दिसेपर्यंत मागचं संपलेलं. ब्रिटनमध्ये गावाबाहेरच्या, दुभाजक नसलेल्या रस्त्याला कमाल मर्यादा ताशी ६० मैल आहे, म्हणजे साधारण ९७ किलोमीटर. दीड लिटरचं इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये ७,५०० आरपीएमपर्यंत नेलं की गाडी जवळपास याच वेगाला पोचते.

या आकड्यापाशी थोडं रेंगाळा. कायदा न मोडता, लायसन्स धोक्यात न घालता तुम्ही हे इंजिन तळापासून टोकापर्यंत पूर्ण वापरू शकता. त्यातलं काहीही शिल्लक ठेवावं लागत नाही. दोन लिटरची गाडीही दुसऱ्या गिअरमध्ये तिथेच पोचते, पण आधी पोचते. टोकाजवळचा सगळ्यात रंगतदार भाग पापणी लवेपर्यंत संपतो आणि तुम्हाला पाय उचलावा लागतो. छोट्या इंजिनात तोच भाग लांबतो. गायक तार सप्तकाकडे सावकाश, एकेक स्वर लावत चढतो, तेव्हा ऐकणाऱ्याला ती चढण मिळते. थेट वरचा षड्ज लावला की फक्त षड्ज मिळतो.

आता आणखी आत जाऊ. ७,५०० आरपीएम म्हणजे क्रँकशाफ्टचे सेकंदाला १२५ फेरे. दीड लिटरच्या इंजिनात एका सिलिंडरचा व्यास ७४.५ मिलिमीटर, पिस्टनची धाव ८५.८ मिलिमीटर. म्हणजे चहाच्या कपाच्या तोंडाएवढ्या गोल नळीत तो धातूचा तुकडा एका सेकंदात १२५ वेळा वर आणि १२५ वेळा खाली जातो. दर दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला बासष्टच्या वर ज्वलनं आणि चारही मिळून अडीचशे. त्या अडीचशेंचा एकच आवाज होतो आणि गिअरचा दांडा हातात धरला असेल तर तो तळव्यालाही जाणवतो. टर्बो नाही. हवा कुणी आत ढकलत नाही, इंजिन स्वतः ओढून घेतं. पायाचा अंगठा जेवढा दबेल तेवढं आणि त्याच क्षणी उत्तर येतं. हे दोन्ही इंजिनांबद्दल खरं आहे आणि दोन्हींबद्दल कृतज्ञ राहावं असं आहे, कारण टर्बो नसलेलं, वर चढणारं इंजिन आणि हाताने टाकायचे गिअर एकत्र मिळणं आता दुर्मीळ होत चाललं आहे.

आता दुसरी बाजू, तितक्याच शांतपणे.

दोन लिटरचं इंजिन म्हणजे नुसता मोठा आकडा नाही. २०१५ साली ते १६० अश्वशक्तीचं होतं आणि ६,८०० आरपीएमला थांबायचं. त्या दिवसांत दीड लिटरची बाजू फारच भक्कम होती: ताकद कमी, पण चढण्याची हौस जास्त. इंजिनिअरांना ते बोचलं असावं, असं त्यांनी पुढे जे केलं त्यावरून वाटतं. २०१८ साली त्यांनी प्रत्येक पिस्टन २७ ग्रॅमने हलका केला. प्रत्येक कनेक्टिंग रॉड ४१ ग्रॅमने. हवा आत घेणारी वाट रुंद केली. मग हे इंजिनही ७,५०० पर्यंत जाऊ लागलं. सत्तावीस ग्रॅम म्हणजे पाच रुपयांची जेमतेम चार-पाच नाणी. पण जी वस्तू सेकंदाला अडीचशे वेळा थांबते आणि उलट फिरते, तिच्यातून तेवढं वजन काढणं म्हणजे काय, हे क्षणभर मनात आणा. माणसं अशा कामावर वर्षं घालवतात आणि गिऱ्हाईक ते कधी पाहत नाही. मला या कामाबद्दल मनापासून आदर आहे.

शिवाय या इंजिनाचा टॉर्क २०५ न्यूटन-मीटर आहे आणि तो ४,००० आरपीएमलाच पूर्ण मिळतो. दीड लिटरचा दीडशेच्या आसपास आहे. शेजारी माणूस बसलेला, डिकी भरलेली, समोर चढ आणि चढावर ट्रक. दोन लिटरमध्ये चौथ्या गिअरमध्येच पाय दाबा आणि पुढे जा. दीड लिटरमध्ये आधी तिसरा टाकावा लागेल, कदाचित दुसरा. तुम्हाला रोज साठ-सत्तर मैल मोटरवेवरून जायचं असेल, तर हा फरक थकव्यात मोजला जातो आणि मग दोन लिटरच घ्या, मागेपुढे पाहू नका. वर्षातून काही दिवस ट्रॅकवर जाणार असाल तरीही तेच. वळणातून बाहेर पडताना मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल ब्रिटनमध्ये दोन लिटरच्या वरच्या श्रेणींबरोबर येतं, हेही हिशेबात धरा.

पण यातलं काहीच तुमच्या आयुष्यात नसेल तर? ‘तिसरा टाकावा लागेल’ हे वाक्य पुन्हा मनात आणा. ते तक्रारीसारखं वाटलं की आमंत्रणासारखं? इथे उत्तर लपवू नका. ज्याला गिअर टाकणं हे काम वाटतं आणि ज्याला तो आनंद वाटतो, अशा दोघांच्या गाड्या वेगळ्या असायला हव्यात.

ही गाडी मुळात कशासाठी जन्मली, तेही आठवावं. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात पहिली एमएक्स-५ आली तेव्हा तिच्यात १.६ लिटरचं इंजिन होतं. जपानमध्ये १२० अश्वशक्ती, वजन ९४० किलो. ज्या ब्रिटिश गाड्यांचा आदर्श तिच्यापुढे होता त्यांतली लोटस एलान सातशे किलोंच्याही आत होती. चौथ्या पिढीच्या जपानी दीड लिटर गाडीचं सगळ्यात हलकं रूप ९९० किलोंचं. तीस-पस्तीस वर्षांत बाकीच्या गाड्या किती फुगल्या, हे पाहिलं की या किलोंमागची जिद्द लक्षात येते. आणि कापडी टपाची ही गाडी माझदाने स्वतःच्या देशात आणली ती फक्त दीड लिटरमध्ये. दोन लिटर दिलं ते दुमडत्या कडक टपाच्या, वजनदार आरएफला. पंधराशे सीसीवर जपानचा वाहनकर एक पायरी चढतो, हे त्याचं एक कारण असेल. पण गाडीचा तोल या इंजिनाभोवती साधला गेला होता, हे चालवणाऱ्याला पहिल्या दोन वळणांत कळतं.

माझा कौल दीड लिटरला आहे, मॅन्युअल गिअरसह. तुमचा वेगळा येऊ शकतो, पण तो शोरूममधल्या खुर्चीत बसून देऊ नका. सेल्समन बहुधा एकच गाडी काढेल, तीही मोठ्या इंजिनाची. दोन्ही मागा. एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, आधी छोटी आणि मग मोठी चालवा. रेडिओ बंद ठेवा, शेजारच्याला गप्प राहायला सांगा आणि दोन्ही गाड्यांत एकदा तरी दुसऱ्या गिअरमध्ये सुई ७,५०० पर्यंत जाऊ द्या.