वातीचे माप

1949 साली सुरू झालेली हरेगावची मतमाउलीची यात्रा सप्टेंबरात जवळ आली, की श्रीरामपूर तालुक्यातील काही घरांत मेणबत्त्या ओतल्या जातात. आपल्या हातची मेणबत्ती माउलीपुढे लावण्याचे समाधान वेगळेच असते.

अशाच एका घरी गेलो असता तेथील गृहिणी साच्यात जाड सुताची वात सोडीत होती. "फादर, नवसाची आहे, ज्योत मोठी हवी," त्या म्हणाल्या. मेणबत्ती लावून पाहिली, तेव्हा ज्योत उंच उठली खरी. पण काजळी धरू लागली आणि मेण ओघळून लवकरच संपले. मग मुलीने अगदी बारीक वात घातली. ती वितळलेल्या मेणातच बुडून विझली.

कारण साधे आहे. वात सुताच्या सूक्ष्म पोकळ्यांतून वितळलेले मेण वर ओढून ज्योतीला पुरविते. पुरवठा अधिक झाला तर मेण पुरते जळत नाही. कमी झाला तर ज्योत उपाशी मरते. म्हणून मेणबत्तीची जाडी व मेणाची जात पाहून वात निवडावी. पॅराफिनपेक्षा मधमाश्यांच्या मेणाला अधिक जाड वात लागते.

"म्हणजे देवावरच्या प्रेमालाही माप असते का, फादर?" त्यांनी विचारले.

संत थॉमस अक्वायनस यांनी 13 व्या शतकात या प्रश्नाचा विचार केला आहे. अंतःकरणातील प्रेमाला माप नाही. बाह्य कृतींना मात्र प्रेमाचे आणि विवेकाचे माप हवे, असे ते सांगतात. उपास, दान, सेवा या आपल्या वाती होत. नवसासाठी कर्ज काढणारा पिता, मंडळाच्या कामात घरच्या आजाऱ्याला विसरणारी माता, धर्मग्रामाच्या धावपळीत प्रार्थना चुकविणारा माझ्यासारखा धर्मगुरू: आमची ज्योत लोकांना मोठी दिसते, काजळी मात्र जवळच्यांच्या वाट्याला येते. उलट, फार जपून देणारा आपल्याच साठ्यात बुडतो.

तरीही निराश होण्याचे कारण नाही. मिणमिणती वातही न विझविणाऱ्या सेवकाचे दर्शन यशया संदेष्ट्याने घडविले आहे. वात चुकली म्हणून मेण वाया जात नाही. त्या गृहिणीने उरलेले मेण पुन्हा वितळविले, मधल्या जाडीची वात घातली. यात्रेच्या दिवशी ती लहानशी ज्योत माउलीपुढे धूर न करता जळत होती.